बद्द वाजस, दुसरं दखाड

युरोपात फिरून आलेल्या माणसाच्या बॅगेत चॉकलेटं असतात, फ्रिजला चिकटवायची चुंबकं असतात, आणि माणूस जास्तच हौशी निघाला तर कोकिळेचं घड्याळ असतं. आमच्या नात्यात जळगावला असं एक घड्याळ आहे. मावसबहिणीचा मुलगा आल्प्सचे डोंगर बघून आला तेव्हा घेऊन आला. लाकडाचं छोटं घर, छपरावर कोरलेली पानं, खाली साखळ्यांना लोंबणारी लोखंडी वजनं, आणि तासातासाला झरोका उघडून ओरडणारा पक्षी. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना दुपारी तीन वाजता हा पक्षी बाहेर येतो, तीनदा ओरडतो आणि घाईने आत जातो. घरातल्या म्हाताऱ्या मावशींनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "याले पानी पाज रे कोनी."

पक्ष्याचा आवाज येतो कुठून, हे बघायला भाच्याने घड्याळाची मागची फळी उघडून दाखवली. आत दोन इवलेसे भाते. एक भाता दबला की पहिला सूर, दुसरा दबला की त्याच्या खालचा सूर. लोहाराकडे असतो तसाच भाता, फक्त बोटभर. मला ते फार आवडलं.

भाच्याने घड्याळ स्वित्झर्लंडच्या दुकानात घेतलं असलं तरी त्याचं माहेर शेजारच्या जर्मनीतलं. ब्लॅक फॉरेस्ट नावाचा डोंगराळ, झाडीचा मुलूख आहे. तिथले शेतकरी अठराव्या शतकापासून हिवाळ्यात अशी लाकडी घड्याळं करत आले. बर्फाने दार अडवलं की शेत नाही, गुरं चरायला सोडणं नाही. मग बापाने चाकं कापायची, बायकांनी तबकड्या रंगवायच्या, आणि बर्फ वितळला की फेरीवाल्याने पाठीला घड्याळं बांधून गावोगाव हिंडायचं. तिकडे ज्यूरा डोंगरातले शेतकरीही असेच घरी बसून जिनिव्हाच्या व्यापाऱ्यांसाठी खिशातल्या घड्याळांचे सुटे भाग घासत. जगप्रसिद्ध स्विस घड्याळामागे असा हिवाळ्यात कोंडलेला, कंटाळलेला शेतकरी आहे.

कोंडून घ्यायचं म्हटलं तर आम्ही खान्देशी माणसं त्यांना हार जाणार नाही. त्यांचं दार बर्फ अडवतं, आमचं ऊन. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या तापीच्या सपाट पट्ट्यात आम्ही. एप्रिल-मे महिन्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात जळगाव-भुसावळच्या रस्त्यावर दिसतो तो एकतर परगावचा असतो नाहीतर वसुलीचा. एवढे तास शेकडो वर्षं घरात बसून आम्ही काय केलं? बायकांनी शेवया, कुरडया, पापड केले, गोधड्या शिवल्या. पुरुषांनी दोर वळले, खाटा विणल्या, आणि उरलेल्या वेळात त्याच खाटांवर झोपले. यातली एकही वस्तू पाठीला बांधून जिनिव्हाला गेली नाही. काही आम्ही खाल्ल्या, बाकीच्या झिजवल्या.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे भाच्याने परत जाताना विचारलेला प्रश्न. तिकडे ज्यांच्या घरी तो भाड्याने राहत होता त्या बाईंसाठी त्याला काहीतरी न्यायचं होतं. "आपल्याकडचं, आणि हाताने केलेलं." घरात बैठक बसली. शेव निघाली, केळीचे वेफर निघाले, भरीताची वांगी निघाली. (जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे वांग्याविषयी बोलताना लोक ताठ बसतात.) पण हे सगळं खायचं. हाताने केलेली वस्तू कोणती? कोणीतरी म्हणालं, "जळगाव म्हणजे सोनं. एखादी चेन ने." त्यानंतर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मुलाने शेवटी शेवच नेली, आणि बाईंनी ती आवडीने खाल्ली असं कळवलं.

खान्देशात कारागिरी कमी होती असं मला वाटत नाही. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला, कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठिकाण ठरवलं, आणि १८१९ मध्ये सरकारी इमारती बांधायला घेतल्या तेव्हा कारागीर लांबलांबून आणावे लागले हे खरं आहे. नव्या पेठेत येऊन राहणाऱ्यांना जागा बिनभाड्याने, कायमच्या दिल्या, घर बांधायला उचल दिली. पण ते झालं कचेऱ्या बांधणाऱ्यांचं. सूप, टोपली, विळा, खापर, वहाण यांसाठी आमचं कोणावाचून अडलं नव्हतं. प्रत्येक गावात ते करणारं घर होतं, आणि घर म्हणजेच कारखाना होता. ओट्यावर काम, मागे चूल, मध्ये पाळणा. मात्र त्या घरांत तयार होणारी वस्तू पाहुण्याला दाखवण्यासाठी नव्हतीच. ती एका विशिष्ट माणसासाठी असायची, आणि तो माणूस, बहुतेक वेळा ती बाई, भयंकर खवट असायची.

माझी आजी अमळनेरकडची. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचंच पुढे विप्रो झालं, हे गावातला कोणीही माणूस तुम्हाला दुसऱ्याच वाक्यात सांगतो. आजीला त्याचं काही नव्हतं. तिच्या लेखी मांड्यावर साजूक तूपच. आणि मांडे करायचे म्हणजे खापर हवं, आणि खापर घ्यायचं म्हणजे मला धरून कुंभारवाड्यात जायचं.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं की खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा नव्हे. खोलगट, मोठ्या घेराचं, पातळ अंगाचं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या फुगीर पाठीवर पुरणाचा मांडा भाजायचा. त्यासाठी गहू ओलवून, सुकवून, दळून वस्त्रगाळ पीठ करायचं. ते तिंबून तिंबून इतकं सैल करायचं की ओढलं तर तुटू नये. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर थोडा लाटला की पुढे लाटणं नाही. दोन्ही तळहातांवर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत तो फिरवत फिरवत वाढवायचा आणि पारदर्शक व्हायला लागला की एका झटक्यात खापरावर पसरायचा. वाकडा पडला तर उचलता येत नाही. खापराच्या पाठीवर एखादा खडा, उंचवटा, फुगा राहिला असेल तर मांडा तिथेच फाटतो, पुरण बाहेर येऊन जळतं, आणि पंगतीत बसलेल्या व्याह्यांपर्यंत वास जातो. म्हणून खापर घेणारी बाई खवट असते. तिची अब्रू त्या भांड्याच्या पाठीवर असते.

कुंभाराच्या अंगणात मांडणीच्या बाजूला आजी उकिडवी बसायची. एक खापर उचलायची, डाव्या हाताच्या बोटांवर अधांतरी धरायची आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने टिचकी मारायची. कान तिकडे. मग तळहात पाठीवरून फिरवायची, डोळे मिटून. मग ते उन्हाकडे धरून आतून बघायची. आणि म्हणायची, "हाई बद्द वाजस, दुसरं दखाड."

कुंभार तिच्याच वयाचा, त्याचं नाव घेऊन कोणी हाक मारत नसे, सगळे नाना म्हणत. नाना चाकावरची नजर न काढता म्हणायचे, "खापर नही माय, तुमना कान बद्द शे."

हा संवाद वर्षानुवर्षं त्याच शब्दांत चालायचा. दुसरं खापर यायचं, तिसरं यायचं. नाना रागावल्याचं दाखवायचे. त्यांची बायको, जिने ते खापर थापलं होतं, ती मात्र रागावायची नाही. ती हातातलं काम ठेवून येऊन बसायची आणि नाकारलेलं खापर स्वतः वाजवून बघायची. कारण चाकावर घडतं ते अर्धंच. चाकावरून उतरलेलं जाड, ओबडधोबड भांडं घेऊन आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने हलक्या हाताने बडवत, फिरवत त्याचं अंग पातळ करत न्यायचं, हे काम घरातल्या बाईचं. त्याआधी तळ्याची माती आणून, भिजवून, घोड्याची लीद आणि चाळलेली राख मिसळून पायांनी तुडवायचं काम पोरांचं. आणि शेवटी आवा रचायचा, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या लावून रात्रभर भाजायचा आणि धुराचा रंग बघून कधी झाकायचं ते ठरवायचं, हे काम घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं, ज्याला दुसरं काहीही करता येत नसे आणि त्या रात्री त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. एक भांडं बद्द वाजलं तर चूक या चौघांपैकी कोणाची, हे त्या बाईला आवाजावरून कळायचं. लीद कमी पडली की वेगळा आवाज, आवा लवकर उघडला की वेगळा. आजीला एवढं कळत नव्हतं. तिला फक्त बद्द कळायचं. पण तिच्या बद्दमुळेच त्या घराला बाकीचं कळत राहिलं, असा माझा जुना संशय आहे.

कारागिराला शिकवतं त्याचं गिऱ्हाईक, हे मी लोहाराकडेही पाहिलं. तिथे तर गिऱ्हाईक नुसतं शिकवत नाही, राबतं. पावसाळ्याच्या तोंडावर वखराची पास घेऊन शेतकरी यायचा आणि आला तसा भात्याशी बसायचा. भाता ओढायचा त्याने, घण मारायचा त्याने, लोहार फक्त सांडशीत लोखंड धरून हातोडीने जागा दाखवायचा. शंभर घाव सोनाराचे आणि एक घाव लोहाराचा म्हणतात, तो एक घाव आमच्याकडे बहुधा गिऱ्हाइकाचाच असायचा. पास तापून पिवळी झाली, ठोकली, मग पाणी द्यायची वेळ आली की मात्र दोघेही गप्प. विळ्या-कुऱ्हाडीच्या धारेला पाणी देणं म्हणजे तापलेली धार नेमक्या रंगावर असताना पाण्यात बुडवणं. आधी बुडवली तर धार कुरकुरीत होऊन तुटते, नंतर बुडवली तर मऊ राहून वळते. शेतकरी तेवढा वेळ भाता सोडून वाकून धारेचा रंग बघायचा. त्याला स्वतःला ते करता आलं नसतं, पण चुकलं तर समजलं असतं. लोहाराला ते माहीत होतं. दोघांच्या मध्ये पैसे फार नव्हते. सुगीत खळ्यावर धान्य मिळायचं तेच. पण वाईट विळा दिला तर वर्षभर ज्याच्या समोर बसायचं तो माणूस रोज त्याच रस्त्याने शेतात जायचा.

सोनाराकडची गोष्ट याहून गमतीची, कारण तिथे गिऱ्हाईक खवट नव्हतं, संशयी होतं. सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असं म्हणणारा समाज दागिना करायला दिल्यावर घरी जाऊन झोपेल कसा? बाई सोनाराच्या पुढ्यात बसून राहायची. समोर मूस भट्टीत, सोनार फुंकणीने फुंकतोय, आणि ही डोळ्यांत तेल घालून बघतेय. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा, हा हिशेब शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना तोंडपाठ. तोळ्याला शहाण्णव गुंजा, त्यातली एकही इकडची तिकडे झाली तर रात्री झोप नाही. सोनारही तयारीचा. कानशीने पडणारा कण, फुंकरीने उडणारा कण, हे त्याच्या दुकानाच्या जमिनीवर साठायचे, आणि म्हणूनच सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकत जायचा. झारेकरी तो केर, राख, माती गोळा करून धूत बसायचे आणि त्यातून सोनं काढायचे. आमच्या आळीत एका बाईने सोनाराला म्हणे विचारलं होतं, माझ्या पाटल्यांचा केर मला मिळेल का?

या संशयातून बारीक काम वाढलं. मग १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या. खान्देशी बाईने चौदा कॅरटचं सोनं हातात घेतलं, नख लावलं आणि परत ठेवलं. पुढे चौदा कॅरटची अट गेली, पण १९६८ चा कायदा थेट १९९० साली उठला. तोवर किती तरी घरांतली पोरं दुसऱ्या कामाला लागली होती. जळगावचा सराफा आज एवढा मोठा आहे की महाराष्ट्र त्याला सुवर्णनगरी म्हणतो. लोक परजिल्ह्यांतून सोनं घ्यायला येतात. पण दिव्याखाली वाकून दागिना घडवणारे पुष्कळ हात आता बंगालमधून आलेले असतात. गिऱ्हाईक त्यांना कधी भेटत नाही. ते काचेच्या दालनात गार हवेत बसतं, हॉलमार्क आणि त्याचा क्रमांक बघतं, आणि विश्वास ठेवतं. शुद्धतेच्या बाबतीत हे फार चांगलं झालं. पुढ्यात बसून पाहणं मात्र संपलं, आणि संशय नाहीसा झाल्यावर घडणावळीवर बोलायला गिऱ्हाइकाकडे विषयच राहिला नाही. ते आता फक्त भावावर बोलतं.

यावल आणि एरंडोल इथे एकेकाळी हाताने कागद व्हायचा हे आज त्या गावांतून जाताना कोणाला खरं वाटणार नाही. जाडाभरडा देशी कागद; चिंध्या, जुनं तागाचं कापड कुजवून, कुटून, पाण्यातून जाळीवर उचलून, वाळवून आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून केलेला. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे सावकार, कुळकर्णी, कारकून. त्यांना बोरू अडखळला तर चालत नसे, शाई फुटली तर चालत नसे, आणि खाडाखोड केलेली दिसू नये असा कागद मिळाला तर फारच चाले. गिरणीचा कागद आला, बोरू गेला, आणि हे घोटणारे हात थांबले. अशाच हातकागदावरच्या मोडी दप्तरांच्या मागे इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर माळ्यामाळ्यांवर चढत हिंडले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्याला आहे. कागद कसा आहे हे बोटांनी चाचपून बघणारं शेवटचं चोखंदळ गिऱ्हाईक म्हणजे बहुधा राजवाडे. फक्त त्यांनी कोरा कधी घेतला नाही.

बांबूच्या नशिबात मात्र एकदा मोठा दिवस आला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेडेगावात भरलेलं पहिलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोसांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की सजावट इथल्याच सामानाची करायची. बोसांनी बांबू, तट्टे, गवत, माती एवढ्यावर अख्खं नगर उभं केलं. खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन भरलं, आणि उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी बोसांच्या कामाचं कौतुक केलं. ज्या तट्ट्यांना आमच्याकडे कुडाच्या भिंतीपलीकडे किंमत नव्हती, ज्या टोपल्यांत केळीच्या बागेतलं शेण वाहायचं, त्यांच्याकडे लोकांनी मान वर करून पाहिलं असेल. अधिवेशन संपलं, नगर मोडलं, आणि बांबू ज्याचा त्याच्याकडे गेला. बुरुडाच्या दारात दुसऱ्या दिवशी बसलेली बाई सूप उलटं करून काठाची वीण ओढून बघत असणार, याविषयी मला शंका नाही. नंदलाल बोस आले म्हणून सुपातून दाणे गळायचे थांबत नाहीत.

प्रदर्शन आताही भरतं. जिल्ह्याच्या ठिकाणी, बचत गटांचं, बहुतेक दिवाळीच्या आधी. त्यात केळीच्या खोडाच्या धाग्याच्या पिशव्या, टोप्या, पायपुसणी असतात. कल्पना उत्तम आहे. केळी काढल्यावर जे खोड आमच्याकडे बांधावर कुजत पडायचं, त्याच्यातून चिवट, चमकदार धागा निघतो. मी अशा टेबलाजवळ उभा राहून गिऱ्हाइकं बघत बसतो. शहरातल्या बाया येतात. पिशवी उचलतात. "कित्ती छान!" म्हणतात. पिशवी खाली ठेवतात आणि लोणच्याच्या टेबलाकडे जातात. एकही जण पिशवीचा बंद ओढून बघत नाही. "हा बंद दोन किलो कांद्याला टिकंल का?" असं कोणी विचारत नाही. टेबलामागची बाई सगळ्यांना हसून धन्यवाद म्हणते, आणि तिला कळत नाही की बंद कुठे घट्ट करायचा. कौतुक मिळतं आहे, पण बद्द म्हणणारं कोणी नाही.

आता वाटतं की कोकिळेच्या घड्याळाचंही असंच झालं असावं. प्रवासी येतो, त्याला त्या लाकडाचं, त्या भात्याचं काही ठाऊक नसतं, तो "कित्ती छान" म्हणतो आणि पैसे मोजतो. मग पक्षी दरवर्षी तोच, पानं दरवर्षी तीच. पैसे मिळाले, घरं टिकली, हे काही थोडं नाही. आमच्या नानांना कोणी युरो मोजले नाहीत. त्यांच्या नातवाने आता औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणायच्या कारखान्यात काम धरलं आहे. जळगावची चटई देशभर जाते. ती बिचारी कुठूनही बद्द वाजत नाही. गिऱ्हाईक रंग सांगतं आणि गुंडाळून नेतं.

पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की कुंभारवाड्यात अजून गर्दी होते. घागर घ्यावीच लागते. ती पाण्याने भरून, वर मातीचं छोटं भांडं, त्यावर खरबूज ठेवून, सांजोऱ्या आणि आंबे मांडून पूर्वजांना पाणी द्यायचं असतं. प्लास्टिकच्या घागरीतून पूर्वज पाणी पीत नाहीत, असा खान्देशभर समज आहे आणि तो मोडायला कोणी धजावलेलं नाही. ही गर्दी तशी सोपी. पितरांसाठी घेतलेली घागर फार कोणी वाजवून बघत नाही. पोळ्याच्या मातीच्या बैलांचंही तेच. एका जोडीत एक शिंग वर आणि एक आडवं असलं तरी पोरं ते घेऊन पळतात.

खरी परीक्षा लग्नसराईत. घरोघरचे मांडे कमी झाले; गॅसवर ते जमत नाहीत, चूल पेटवायला अंगण नाही, आणि कोपरापर्यंत पीठ फिरवायला सुनांना वेळ नाही, आणि तो नसला तर मी त्यांना दोष देणार नाही, कारण मी स्वतः एकही मांडा आजवर केलेला नाही. आता मांडे करणाऱ्या बायकांना मजुरीने बोलावतात. चार-पाच जणी येतात, मांडवामागे चुली मांडतात, शेकड्याने मांडे काढतात. लोखंडी, अॅल्युमिनिअमची खापरं बाजारात आली आहेत. त्या बायका ती घरच्यांसमोर उलटी करून बघतात आणि बाजूला ठेवतात. मातीचं खापर त्या स्वतःच निवडून आणतात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

परवा अशीच एक बाई धुळ्याकडच्या एका कुंभाराच्या दारात पाहिली. वय साठीचं, हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग. खापरांची चळत तिने एकेक करून वाजवली आणि एकेक करून डाव्या बाजूला ठेवली. तरुण कुंभार, मोबाइल कानाला लावून कोणाशी तरी भावाचं बोलत होता. त्याने डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "बद्द शे." त्याने फोन बंद केला. "सगळाच?" "सगळाच." त्यावर त्याने आपल्या आईला हाक मारली. आई आतून आली, डाव्या बाजूचं एक उचलून तिने वाजवलं, मुलाकडे बघितलं आणि आत गेली. आणि खाटेखालून, पोत्यात गुंडाळलेलं एक खापर घेऊन आली. बाईने ते बोटांवर धरून टिचकी मारली. तिघांनीही कान दिला.

"कितलं?" बाईने विचारलं.

आईने आकडा सांगितला. बाई उठून उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, एवढ्या पैशांत तर ती लोखंडाची दोन घेईल. मग दोघी परत खाली बसल्या आणि भांडायला लागल्या.